छोट्या सर्व्हरसाठी रेड: डिस्क बदलल्यानंतरच्या तासांचा विचार

सांगली-मिरजेतील पतसंस्था, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे अडते किंवा एखादे मध्यम आकाराचे रुग्णालय नवा सर्व्हर घ्यायला निघाले, की कोटेशनमध्ये बहुधा एक ओळ ठरलेली दिसते: चार डिस्क, रेड ५. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून आणि जादा माहिती साठवून, एखादी डिस्क बिघडली तरी माहिती टिकवण्याची पद्धत; अशा जोडलेल्या संचाला अॅरे म्हणतात. चारपैकी तीन डिस्कइतकी जागा वापरायला मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, हा हिशेब पहिल्या नजरेत चोख वाटतो. एके काळी तो चोख होताही. परंतु डिस्कचा आकार अनेक टेराबाइटपर्यंत वाढला आहे आणि त्या मानाने तिचा वाचण्या-लिहिण्याचा वेग फारच थोडा वाढला आहे, त्यामुळे निवडीचा निकष बदलायला हवा असे माझे ठाम मत आहे. डिस्क बिघडते त्या क्षणी अॅरे तग धरतोच. खरी परीक्षा नवी डिस्क बसवल्यापासून ती पूर्ण भरेपर्यंतच्या तासांत होते, आणि निवड करताना तेच तास डोळ्यांसमोर ठेवावेत.

रेडची कल्पना १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून पुढे आली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक छोट्या, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात असा त्यांचा प्रस्ताव होता, आणि त्यातला धोकाही त्यांनी तिथेच मांडला होता. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कच्या संचात कोणती तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बिघडणार. डिस्क वाढल्या की बिघाडाची शक्यताही वाढते, म्हणून जादा माहिती साठवणे हा त्या रचनेचा गाभाच आहे.

ही जादा माहिती दोन प्रकारे ठेवता येते. मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये, प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर जशीच्या तशी लिहिली जाते. रेड ५ मध्ये प्रत्येक पट्टीमागे, म्हणजे डिस्कवर विभागून लिहिलेल्या माहितीच्या एकेका ओळीमागे, एक पॅरिटी लिहिली जाते. वहीत तीन रकमा आणि त्यांची बेरीज लिहिलेली असेल आणि त्यांतली एक रक्कम पुसली गेली, तर उरलेल्या दोन रकमा बेरजेतून वजा करून ती परत मिळते. पॅरिटीचे काम साधारण तसेच चालते, फक्त बेरजेच्या जागी बिटांवरची एक्सॉर ही क्रिया असते. यातूनच पुढची अडचण स्पष्ट होते. गेलेल्या डिस्कवरचा एकेक तुकडा पुन्हा मिळवायचा तर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक वाचता आल्या पाहिजेत.

आता आकडे मांडून पाहू. ४ टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड ५ असेल, तर एक डिस्क बदलल्यावर उरलेल्या तीन डिस्कवरचे १२ टेराबाइट वाचावे लागतात. डेस्कटॉप दर्जाच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिट, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट वाचण्यामागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा), अशी मर्यादा दिलेली असते. ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क यापेक्षा कितीतरी चांगल्या वागतात, त्यामुळे रिबिल्ड, म्हणजे गेलेली माहिती नव्या डिस्कवर पुन्हा भरण्याचे काम, हटकून फसेल असे मी म्हणत नाही. तरीही दुसरी प्रत शिल्लक नसताना असा एक सेक्टर समोर आला, तर काही कंट्रोलर, म्हणजे अॅरे सांभाळणारी कार्डे, रिबिल्ड तिथेच थांबवतात, आणि मग तीन डिस्क धडधाकट असूनही अॅरे हातचा जातो. मिररमध्ये वाचायची असते एकच जोडीदार डिस्क, म्हणजे ४ टेराबाइट.

वेळेचा हिशेबही याच दिशेने जातो. सेकंदाला १५० मेगाबाइट या सलग वेगाने ४ टेराबाइट लिहायला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि हा वेग सर्व्हरवर दुसरे काहीच काम नसताना मिळतो. काउंटरवर खातेदारांची रांग असताना रिबिल्ड मागे पडते आणि तेच काम दिवसभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. त्या काळात उरलेल्या डिस्कवर नेहमीपेक्षा जास्त ताण असतो. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच लॉटमधून आलेल्या असतील, तर त्यांचे वय आणि झीजही सारखीच असते. म्हणून खरेदी करताना वेगवेगळ्या लॉटच्या डिस्क मागण्याचा आग्रह धरावा.

पतसंस्थेचा डेटाबेस किंवा अडत्याचा हिशेब म्हणजे अखंड चालणाऱ्या छोट्या छोट्या नोंदी. रेड ५ वर अशी एक नोंद बदलताना जुनी माहिती आणि जुनी पॅरिटी वाचून, नवी माहिती आणि नवी पॅरिटी लिहून, अशी डिस्कवर चार कामे होतात; पट्टीमागे दोन पॅरिटी ठेवणाऱ्या रेड ६ वर सहा होतात; मिररवर फक्त दोन. ४ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर रेड १०, म्हणजे एकत्र जोडलेल्या मिररच्या जोड्या, आणि रेड ६ दोन्हींत वापरण्याजोगी जागा सारखीच, ८ टेराबाइट मिळते. रेड ६ कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी टिकतो, रेड १० मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर टिकत नाही. असे असूनही नोंदींच्या कामासाठी मी रेड १० ची शिफारस करतो, आणि रुग्णालयातील एक्स-रे, सीटी स्कॅनच्या मोठ्या फायली एकदा लिहून नुसत्या साठवायच्या असतील तिथे रेड ६ ची. दोन डिस्कमध्ये काम भागत असेल तर साधा मिररच घ्यावा.

हार्डवेअर कंट्रोलर की लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड, या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागापुरते मला स्पष्ट वाटते. कंट्रोलर कार्ड स्वतःच गेले, तर डिस्कवरची मांडणी ओळखणारे त्याच कुळातले कार्ड लागते, आणि पाच-सहा वर्षे जुने कार्ड सांगलीत मिळत नाही. पुण्या-मुंबईत शोधाशोध करून ते येईपर्यंत सर्व्हर बंद राहतो. एमडीअॅडम या लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या साधनाने बांधलेला अॅरे मात्र लिनक्स असलेल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रात डिस्क लावून वाचता येतो. कंट्रोलरच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे: बॅटरी किंवा कपॅसिटरचा आधार असलेली कॅश, म्हणजे लिहायची राहिलेली माहिती वीज गेली तरी राखून ठेवणारी तात्पुरती स्मृती. वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेली आणि नेमकी त्याच वेळी माहिती लिहून झाली पण पॅरिटी लिहायची राहिली, तर त्या पट्टीतली विसंगती पुढे डिस्क बदलण्याच्या वेळी चुकीची माहिती बनून बाहेर येते. सॉफ्टवेअर रेड वापरणाऱ्याने म्हणून यूपीएस सर्व्हरला केबलने जोडावा आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सोय करावी.

डिस्कची जात पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी बराच वेळ झटत राहते, आणि तेवढ्यात कंट्रोलर तिला मृत समजून अॅरेतून बाहेर काढतो. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीसाठी, बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकतात आणि तो सेक्टर दुसऱ्या प्रतीवरून भरून घेऊ देतात. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीचे माग एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, डिस्क मात्र अॅरेत घेऊच नयेत, कारण बराच वेळ चालणाऱ्या लेखनात त्यांचा वेग कोसळू शकतो आणि रिबिल्ड कैक पटींनी लांबू शकते. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणे गरजेचे आहे. डेबियनमध्ये हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. वाचता न येणारा सेक्टर त्याची दुसरी प्रत किंवा पॅरिटी शाबूत असताना सापडला, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो.

यातले काहीही बॅकअपची जागा घेत नाही. चुकून पुसलेली फाइल मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते आणि रॅन्समवेअरही दोन्हींवर एकदमच कुलूप लावते. सांगलीत तर कारण आणखी जवळचे आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि बाजारपेठेतले तळमजले बुडाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्याखाली गेलेल्या सर्व्हरमध्ये किती डिस्क होत्या, याला काही अर्थ उरत नाही. सर्व्हर वरच्या मजल्यावर असावा, आणि रोज रात्री एक प्रत विटा किंवा जतसारख्या उंचावरच्या गावातील शाखेत जावी.

नवा सर्व्हर आला की त्यावर खरी माहिती चढवण्यापूर्वी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक तिच्या ट्रेवर ठळक लिहावा, कारण घाईत बिघडलेल्या डिस्कऐवजी तिची चांगली जोडीदार बाहेर ओढली जाणे हा अॅरे गमावण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. बिघाडाचा ई-मेल कार्यालयातल्या दोघांच्या तरी पत्त्यावर जाईल असे पाहावे. मग सुट्टीच्या दिवशी एक डिस्क मुद्दाम काढावी, ई-मेल खरोखर आला का ते तपासावे, राखीव डिस्क बसवून रिबिल्ड पूर्ण होऊ द्यावी आणि तिला लागलेले तास अनुक्रमांकांसोबत कागदावर लिहून तो कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा.