नाशिकहून सेवाग्रामला, आईच्या बाटलीच्या हिशोबाने

आमची आई प्रवासात पाणी पीत नाही. गोळी गिळण्यापुरता घोट घेते, झाकण घट्ट लावते आणि बाटली पायाशी ठेवून देते. कारण तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आयुष्यभर एसटीने फिरलेल्या बऱ्याच बायकांचं असंच असतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे, हे मला चाळिशी उलटेपर्यंत सुचलं नव्हतं. मागच्या वर्षी अक्कलकोटहून परत आलो आणि तिसऱ्या दिवशी तिला जळजळ होऊन ताप भरला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आजी, प्रवासात पाणी किती प्यायलात?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

त्यामुळे डिसेंबरात सेवाग्रामला जायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "या वेळी किलोमीटरवर प्लॅन करू नकोस. आईंच्या बाटलीवर कर."

सेवाग्राम ही अण्णांची इच्छा. अण्णा म्हणजे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ७४. "रेल्वेने का नाही जात?" असं निम्म्या नातेवाइकांनी विचारलं. सेवाग्राम एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते, खरं आहे. पण अण्णांना वाटेत लोणारचं सरोवरही बघायचं होतं, तिथे रेल्वे जात नाही. आणि आईच्या गुडघ्यांना स्टेशनचा जिना नको होता.

पहिला प्लॅन अण्णांनी त्यांच्या डायरीत लिहिला. पहाटे चारला प्रस्थान, दुपारी एकला सेवाग्राम, मध्ये 'अल्पोपाहार, २० मि.' साडेपाचशेच्या वर किलोमीटर आणि वीस मिनिटं! मेहुण्याने फोनवर त्याला पाठिंबाही दिला. "अरे, समृद्धी महामार्ग झाल्यावर प्लॅनिंग कसलं करता? गोंद्याला चढा, वर्ध्याला उतरा." त्याचंही चूक नव्हतं. २०२२ च्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाले, पुढच्या मे महिन्यात रस्ता आमच्या इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत आला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पुरे झाले. नाशिककरांना सिन्नरच्या पुढे गोंद्याला चढता येतं.

पण अडचण तिथेच होती. जुन्या रस्त्याने जाताना येवला लागायचं, वैजापूर लागायचं, एसटी स्टँड, बाजारपेठ, कुठेतरी थांबणं व्हायचंच. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण, मध्ये एक गाव नाही, आणि कडेला गाडी उभी करायची ती फक्त गाडी बिघडली तर. त्या रस्त्यावर थांबा आपोआप मिळत नाही, तो घरून ठरवून न्यावा लागतो.

मग मी दुसरा प्लॅन केला. दोन दिवस, मध्ये लोणारला मुक्काम. दर सव्वा ते दीड तासाला थांबा, आणि प्रत्येक थांब्यावर स्वच्छ संडास, तोही कमोडचा. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एवढे थांबे घेतले तर वेग वाढवावा लागेल." मोटारींना तिथे १२० ची मर्यादा आहे. म्हटलं, अण्णा, तुम्हीच गणित मांडा. गोंदे ते मेहकर पावणेतीनशे धरा. १२० ने सव्वादोन तासांच्या किंचित वर, १०० ने पावणेतीन. फरक अठ्ठावीस मिनिटांचा. अण्णांनी दोनदा भागाकार केला, मग पेन खाली ठेवून म्हणाले, "अठ्ठावीस मिनिटांसाठी एवढी मरमर करतात लोक?" त्यानंतर ९५ ते १०० हा आकडा त्यांनीच लाल पेनाने लिहिला.

थांबे शोधणं मात्र नकाशावर होत नाही. नकाशात 'हॉटेल' असतं, त्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते नसतं. संभाजीनगरचा मावसभाऊ एका रविवारी सावंगीच्या इंटरचेंजजवळ जाऊन आला आणि त्याने फोन केला, "कमोड आहे, पायरी एकच आहे, कडी आतून लागते." इतकी नेमकी माहिती मला नोकरीतही कोणी कधी दिलेली नाही. सिंदखेडराजाला बाहेर पडायचं हे अण्णांसाठी, राजमाता जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजी जाधवांची समाधी बघायला. मध्येच उतरलं तर टोल दुप्पट बसेल अशी मला धास्ती होती. तसं नाही. तिथला टोल अंतरावर आहे, मोटारीला किलोमीटरमागे साधारण दोन रुपये, उतराल तिथे कापला जातो. परत चढलात की पुढचं मीटर नव्याने सुरू. म्हणजे उतरायला घाबरायचं कारण नाही, हे कळल्यावर अर्धा प्लॅन सुटला.

मेहुण्याने आणखी एक सल्ला दिला होता, तीन हजारांचा फास्टॅगचा वार्षिक पास काढ म्हणजे टोलची कटकट संपली. तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे आणि समृद्धी राज्याचा रस्ता, तिथे पैसे वेगळेच जातात. आमच्या वर्षातून दोन प्रवासांना तो पास घेण्यात अर्थ नव्हता.

फास्टॅगवरून आठवलं. निघायच्या दहा दिवस आधी मी काही काम नसताना शिंदे टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, नुसतं बघायला. बायकोने वेड्यात काढलं. नाक्यावर लाल दिवा लागला. शिल्लक साडेसहाशे रुपये, तरी टॅग बंद, कारण बँकेला केवायसी पुन्हा हवं होतं आणि त्यांचा मेसेज म्हणे जुन्या नंबरवर गेला होता. त्या बँकेचं नाव लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, गाडीचा समोरून फोटो, काचेवर लावलेल्या टॅगचा फोटो, मग 'आपली विनंती प्रक्रियेत आहे' हे चार दिवस. सहाव्या दिवशी हिरवा दिवा. हे प्रकरण गोंद्याच्या नाक्यावर, मागे ट्रकांची रांग आणि गाडीत आईवडील असताना झालं असतं तर? पीयूसी संपलेली होती तीही त्याच आठवड्यात काढली.

आता टायर. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः याबाबतीत अडाणी होतो. माझ्या मते टायर चांगले होते, नक्षी दिसत होती. पाथर्डी फाट्याजवळच्या टायरवाल्याने उकिडवं बसून टायरच्या कडेवरचा मजकूर अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "काका, वाचा." चार आकडे होते, २३१८. अण्णा वाकले, वाचले, पण त्यांना अर्थ लागेना. तो म्हणाला, २०१८ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे टायर सात वर्षांचा. नक्षी शिल्लक, पण कडेला बारीक भेगा, उन्हात ठेवलेल्या चपलेच्या तळाला पडतात तशा. शहरात चाळीसच्या वेगाने तो आणखी वर्षभर चालला असता. पण काँक्रीटच्या रस्त्यावर तासन् तास शंभरने पळवला की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि म्हाताऱ्या रबराला ते झेपत नाही. स्टेपनी काढली तर तिचा नंबर त्याहून जुना. चारही टायर बदलले, जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवला. नायट्रोजन भरायचा का, विचारलं. तो हसून म्हणाला, साध्या हवेतही पाऊण हिश्शाच्या वर नायट्रोजनच असतो, तुम्ही फक्त दरवाजाच्या पट्टीवर लिहिलाय तो आकडा ठेवा, भरलेल्या गाडीचा वेगळा असतो तो, आणि सकाळी टायर गार असताना मोजा. अण्णा त्याच्यावर खूश. म्हणाले, "हा माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसला असता."

निघायच्या वेळेवरून मात्र घरात जुंपली. अण्णा पहाटेवर अडून बसले होते, शुभकार्याला काळोखात निघायचं हा त्यांचा नियम. मी म्हटलं, आपण पूर्वेला चाललोय. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, सात वाजता तो उजव्या बाजूने थेट ड्रायव्हरच्या डोळ्यात येणार, आणि तोही सरळसोट रस्त्यावर, जिथे आधीच डोळे जड होतात. वळण नाही, चढउतार नाही, तीच ती दुभाजकाची रेघ. झोप लागत नाही पण लक्ष विझतं. आग्नेय हा शब्द ऐकून अण्णा विचारात पडले. शेवटी साडेसातला पोहे खाऊन निघायचं, सूर्य वर येईपर्यंत सिन्नर. आणि दीड तासाने ड्रायव्हर बदलायचा, मी आणि बायको आलटूनपालटून. परतीलाही तेच उलट: संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी हाकायची नाही, चारच्या आत घर.

आईने आपली तयारी वेगळी केली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, चिवडा, लिंबाच्या फोडींना मीठ लावून डबी. पाण्याच्या बाटल्या सहा, सगळ्या इतरांसाठी.

सिन्नरला पहिला थांबा होता. आई म्हणाली, "आत्ताच तर घरून निघालो." बायको काही न बोलता तिला हाताला धरून घेऊन गेली. परत आल्यावर बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, पुढचं सावंगीला आहे. कमोड आहे, पायरी एकच." आईने अर्धी बाटली संपवली. गोंद्याला चढलो. बाहेर लाल कांद्याच्या काढणीला बायका वाकलेल्या दिसत होत्या, पुढे कापूस आणि तूर सुरू झाली. मुलगी दुभाजकावरची झाडं मोजत झोपली.

सावंगी ठरल्याप्रमाणे. सिंदखेडराजाला अण्णा वाड्याच्या दरवाजापुढे दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मेहकरला उतरून लोणार. खोली तळमजल्याची मागून घेतली होती. विवरात उतरायचं काम मी आणि मुलीने केलं, आईवडिलांनी काठावरूनच पाहिलं, आणि मग गावातलं दैत्यसूदन मंदिर, तिथे फार चालावं लागत नाही. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं असं मी सांगितलं, तर आई म्हणाली, "आता हिरवंच बरं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी प्लॅन फसला. कारंज्याच्या अलीकडे ज्या पंपावर थांबायचं होतं तिथल्या संडासाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जेवायला गेलेला. कधी येणार? "येतील." पंधरा मिनिटं उभे राहिलो. तेव्हा मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "पुढचं कुठे आहे रे?" चाळीस वर्षांत हा प्रश्न मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. कारंज्याला इंटरचेंजवरून खाली उतरलो. गावात गुरुमंदिराच्या दर्शनाला आलेल्यांची वर्दळ होती, तिथे सोय झाली. दर्शनही झालं, जे प्लॅनमध्ये नव्हतं.

सेवाग्रामला बापूकुटीत अण्णा बराच वेळ मांडी घालून बसले. गांधीजी १९३६ ला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं, पण पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं, हे त्यांनी मुलीला सांगितलं. परतीचा मुक्काम आमचा त्या दुसऱ्या शेगावलाच होता, त्यामुळे तिला ते भारी वाटलं. अमरावती, अकोला, शेगाव, मग धुळ्यावरून घर. पावणेचारला गाडी दारात लागली.

आठवड्याने डायरी चाळली. अण्णांच्या रकान्यांशेजारी, पेन्सिलीने, आईचं अक्षर होतं. 'सिन्नर – बरं. सावंगी – स्वच्छ, पाणी येतं, साबण नाही. पंप – कुलूप, थांबू नये. कारंजा – रांग असते पण बाई चांगली आहे.' सोसायटीतल्या तिघी जणी एव्हाना ते पान उतरवून घेऊन गेल्या आहेत.