पॅकिंग कुठलं, माल कुठला?

मांडणशिल्पासाठी वस्तू गोळा करायला मला अडीच वर्षं लागली. ते काम परदेशातल्या प्रदर्शनाला निघालं आणि अडकलं ते फळांच्या मोडक्या पेट्यांपाशी. निवड, पत्रं, खोका बांधणं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कानतुटके कप होते, किल्ल्या हरवलेली कुलपं होती, छत्र्यांच्या काड्या होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पेट्यांचे 84 तुकडे मात्र नायलॉनच्या दोऱ्याने टांगायचे होते. तपासणाऱ्या साहेबांनी त्यातला एक उचलला, उलटसुलट केला, नखाने खरवडला. "यावर शिक्का कुठंय?"

शिक्का म्हणजे आयएसपीएम 15चा, लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा. परदेशी जाणारं पॅकिंगचं लाकूड कीड मरावी म्हणून आधी तापवतात: गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. बाहेरच्या खोक्यावर शिक्का ठसठशीत होता. म्हटलं, "साहेब, पॅकिंग ते. हा माल."

"माल? ही तर पेटीची फळी आहे."

आता त्यांचं तरी काय चुकलं? पेटीचीच होती. माझ्या कामाची सगळी गंमत त्यातच, पण ती काउंटरवर उभं राहून समजावता येत नाही. मी मग शिल्पकार ब्रांकुसीचा दाखला काढला. 1926 साली न्यूयॉर्कच्या कस्टम्सने त्याचं 'बर्ड इन स्पेस' स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या सदरात टाकून 40 टक्के कर लावला होता. 1928मध्ये कोर्टाने ते शिल्पच ठरवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या या." असे नऊ उद्या गेले. दाखले देऊ नका. खरंच सांगतो.

सुटलो ते नियमातल्याच एका ओळीवर: 6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाच्या पॅकिंगला ही अट नाही. म्हणजे त्यांचंच खरं धरून चालायचं! रात्रभर जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन बसलो. 71 पट्ट्या पातळ निघाल्या. कोपऱ्यांचे 13 ठोकळे जाड, ते तापवायला दिले.

यादीत मी 'जुनं लाकूड' असं लिहिलं होतं, तो शुद्ध मूर्खपणा. 'शिल्पाचा भाग क्र. 1 ते 84' लिहा, मूळ शिल्पांचा 9703 हा कस्टम्सचा कोड घाला आणि मांडलेल्या कामाचा फोटो जोडा. आणि हो, भोकातून ताजा भुसा गळत असेल, म्हणजे आत कीड जिवंत असेल, तर तो तुकडा कितीही आवडला तरी गोळा करतानाच सोडा.

तापवणाऱ्यांना चारदा बजावलं होतं, नुसतं प्रमाणपत्र द्या, शिक्का मारू नका. एका ठोकळ्यावर मारलाच. प्रदर्शनात ती बाजू भिंतीकडे करून टांगली. परतीच्या तपासणीला मात्र मीच ती सर्वांत वर, समोर दिसेल अशी ठेवली.