पाऊस नव्हता, तरी बेल्स उतरवल्या

मार्च संपत आला होता. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेमागच्या मैदानावर क्रिकेटची फायनल होती, आणि मी पंच होतो. लेदर बॉल, काळ्या मातीवर अंथरलेली मॅटिंग, धुऱ्यापर्यंत दाटलेली माणसं. 14 चेंडूंत 19 धावा हव्या होत्या.

पश्चिमेला वीज चमकली. मी मनात सेकंद मोजायला लागलो. एक्केचाळीसवर गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ढग अजून चौदाएक किलोमीटर लांब होता. दोन चेंडू पडले, ओव्हर संपली. परत चमकली. या वेळी सव्वीस.

आकडा तीसच्या आत आला की मैदान सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परतायचं नाही, हे मी कसोशीनं पाळतो. पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. निर्णय दोन्ही पंचांनी मिळून घ्यायचा असतो. जोडीदार शेजारच्याच गावचा, तरुण, लोकांकडे बघून घामाघूम झालेला. मी एवढंच विचारलं, "तू किती मोजलेस?"

"सत्तावीस, सर."

मी 'टाइम' पुकारला. दोन्हीकडच्या बेल्स उतरवल्या.

"सर, पान्याचा थेंब नाही, कायले थांबवता?" फलंदाजी करणारा कॅप्टन धावत आला. "आमी दोघंई कॅप्टन तयार आहो ना!"

पूर्वी उजेड कमी झाला की खेळायचं का, हे फलंदाजांना विचारत. आता नियमात तशी सोय नाही. खेळणं धोक्याचं किंवा गैरवाजवी आहे का, हे फक्त पंच ठरवतात, आणि मला तेच योग्य वाटतं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं बक्षिसाच्या रकमेकडे बघत स्वतःचा जीव तोलू नये.

खेळाडू शाळेच्या वर्गात गेले, पण निम्मी माणसं कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. विजेच्या वेळी झाडाखाली उभं राहण्याइतकं वाईट काही नाही. मी माइक घेतला, ओरडलो, शेवटी जाऊन एकेकाला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. गडगडाट झाला की तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. मधे दहा मिनिटं जोराची सर आली.

आभाळ मोकळं झालं तेव्हा उजेड ठीक होता, मॅटही पुसता आली असती. अडचण मॅटच्या कडेला होती. गोलंदाजाचा पुढचा पाय पडतो तिथली काळी माती लोण्यासारखी झाली होती. गोलंदाजाला पाय रोवता येत नसेल, तर जमीन खेळण्याजोगी धरत नाहीत. आम्ही दोघांनी टाच रोवून पाहिली; घसरली. भुसा टाकला, तोही चिखलात गेला. सूर्य मावळतीला टेकला, तेव्हा सामना रद्द केल्याचं सांगितलं.

तो कॅप्टन पुन्हा समोर आला. मी म्हटलं, "बाळा, तूच रनअप घेऊन पाहा. हळू ये."

तो आला. पाय सरकला, हात टेकून कसाबसा सावरला. उठून तळवा पँटला पुसला, त्या जागेकडे थोडा वेळ पाहिलं. मग काही न बोलता स्टंप उपटायला गेला.