रा दुबळा आहे

पोराने गिटार बाजूला ठेवली आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यासमोर धरला. "सर, हा बघा, हलतच नाहीये." कोपराखालचा स्नायू मी चेपून पाहिला. नुसतं लाकूड झालं होतं. अंगठा आणि तर्जनी अजूनही पिक, म्हणजे तार छेडायची चपटी चकती, धरल्यासारखी एकमेकांना चिकटलेली. ग्वाल्हेरचा डिसेंबर आणि तिथल्या लष्कर भागातली दुसऱ्या माळ्यावरची माझी खोली, म्हणजे थंडीवर ढकलणं सोपं होतं. पण त्या हाताची ही गत माझ्या शिकवण्याने झाली होती आणि ते मला तिथेच उमगलं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला 'मिसर्लू' वाजवायचं होतं. अमेरिकी गिटारवादक डिक डेलने १९६२ साली गिटारवर आणलेली चाल. कॅलिफोर्नियात फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांची ही आवड, म्हणून या वादनाला सर्फ गिटार म्हणतात. चाल मात्र त्याच्या कितीतरी आधीची, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. डेलचे वडील लेबनानी वंशाचे, आणि काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे. काकांकडे तो हाताने वाजवायचं एक चर्मवाद्यही शिकला आणि आपल्या उजव्या हाताचा वेग तिथून आला, असं तो सांगत असे. सूर लावून बघा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. भैरव थाटच की! राग म्हणून नाही, सूर तेवढे. ज्या गावात संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तिथल्या मुलाच्या कानाला हे सूर परके नव्हते. डावा हात त्याने दोन दिवसांत बसवला.

अडलं उजव्या हाताशी. लय मिनिटाला १७०च्या आसपास, आणि एकेका मात्रेत तारेवर चार आघात: खाली, वर, खाली, वर. हिशेब केला तर सेकंदाला अकराच्या पुढे जातो. आणि मध्ये थांबायला जागा नाही. सूर लांबवायचा तोही आघातांनीच. मी काय केलं, तर त्याच्या गिटारला तेरा गेजच्या, म्हणजे चांगल्या जाड, तारा चढवल्या. डेल पहिली तारच सोळाची लावायचा, बारीक तारेवर हा भरदार आवाज येत नाही, हे सगळं खरं. पण तो हात वर्षानुवर्षांचा होता, हा सोळा वर्षांच्या मुलाचा. वर मी रोज मेट्रोनोम, म्हणजे लय देणारं टकटक यंत्र, पाचाने वाढवत गेलो आणि "जोर लाव" म्हणत राहिलो. त्याने जोर लावला, तो खांद्यातून आणि कोपरातून.

हात शेकायला गरम पाण्याची पिशवी देतोय तेवढ्यात लाइट गेली. ॲम्प गप्प झाला. पंधरा मिनिटांनी मुलगा म्हणाला, आता बरं वाटतंय, हळू वाजवून बघू? मी हो म्हणालो. अंधारात, ॲम्पशिवाय, नुसत्या तारेवरचा पिकचा आवाज.

दाराशी त्याचे आजोबा येऊन उभे होते, नातवाला न्यायला. घरात आणि आता क्लासातही सगळे त्यांना आबा म्हणतात. एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त. तरुणपणी सरोद शिकलेले, अजूनही सकाळी अर्धा तास घेऊन बसतात. मोबाइलचा टॉर्च लावणार तोच ते म्हणाले, "राहू द्या सर, अंधारच बरा. पुन्हा वाजव रे." त्याने वाजवलं. "दा येतोय. रा दुबळा आहे. ऐका."

मी ऐकलं आणि चरकलो. सरोदच्या बोलांत खाली जाणारा आघात दा, वर येणारा रा. दा ठसठशीत, रा तारेला नुसता पुसून जाणारा. टक्-ट, टक्-ट. तीन आठवडे मी या मुलासमोर बसलोय आणि मला हे ऐकू आलं नव्हतं, कारण आमच्या ॲम्पचा रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारी सोय, सतत चालू. सर्फचा तो ओला आवाज स्प्रिंग रिव्हर्बचा: आवाज ताणलेल्या स्प्रिंगांमधून जातो आणि मागे शेपूट सोडतो. तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, टेकवून दाबका सूर मारला तर बावडीत थेंब पडावा तसा टप्पकन येतो. फार सुंदर आवाज आहे, पण तो आघातांमधल्या फटी बुजवून टाकतो. मधला प्रत्येक कच्चा रा त्या शेपटीखाली झाकला जात होता. आणि रा कच्चा, म्हणून प्रत्येक दा जास्त जोराने. हात आखडणार नाही तर काय?

आबा मुलाच्या शेजारी बसले. "पिक दाखव. किती बाहेर काढतोस? एवढं? तारेत अडकतंय ते. तीळभर ठेव." मग त्याचं मनगट दोन बोटांत धरून त्यांनी नुसतं हलवलं, पाणी झटकावं तसं. कोपर गिटारच्या कडेवर टेकलेलं, खांदा खाली सोडलेला. "आता रापासून सुरू कर. रा दा रा दा. तोंडाने म्हण." उलट्या आघाताने सुरुवात केली की दुबळा आघात समेवर येतो, त्याला लपायला जागा राहत नाही. वीस वर्षं गिटार शिकवतोय, आणि माझ्या वहीत खाली-वरच्या बाणांशिवाय काही नव्हतं. बाण दिशा सांगतो, वजन सांगत नाही. बोल दोन्ही सांगतो.

मेट्रोनोम साठवर. मुलगा पुटपुटत होता, रा दा रा दा. पहिली दहा मिनिटं गडबड झाली, मग अंधारात तो आवाज हळूहळू सपाट, एकसारखा होत गेला. मी दुसरी गिटार घेऊन मागे ठेका धरला. तळहात ब्रिजवर, फक्त खालचे आघात, दाबके, मात्रेला दोन. सर्फच्या ठेक्यात मागच्याने घाई करायची नाही. पुढचा कितीही पळाला तरी मागच्याने हलायचं नाही. आबा गुडघ्यावर मात्रा धरून होते. मध्येच मी त्यांना 'पाइपलाइन' या दुसऱ्या सर्फ चालीची सुरुवात वाजवून दाखवली, जाड तारेवरून खाली कोसळत येणारी ती सरक. "घसीट आहे ही," ते म्हणाले, आणि मान हलवली.

निघायच्या आधी मी त्या तेराच्या तारा काढायला घेतल्या. अकराच्या चढवेन, महिन्याभराने बघू. मुलगा नाराज झाला, त्याला तो जाड आवाज हवा होता. मला त्याचा हात हवा होता. कुणाचा हात दुखला तर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, हे आता मी ठरवलंय. "सवय होईल" हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा जाणार नाही.

नव्या तारा सुरात येईपर्यंत लाइट आली. ॲम्प गुणगुणला, रिव्हर्बच्या स्प्रिंगा खणखणल्या. मुलाने नव्वदच्या लयीत मिसर्लूची पहिली ओळ घेतली, आणि खोलीभर लाट आली. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. ओळ संपली तसे ते उघडून म्हणाले,

"छान आहे. आता तो डबा बंद करा, आणि परत वाजव."