तुम्ही विचारलंत म्हणून: तो कोपरा

‘एवढ्या गाण्यांत तुम्हाला तेच, धंद्याला उभ्या राहणाऱ्या पोराचं गाणं कसं काय भावतं?’ घरी, कचेरीत, इथल्या गणपतीच्या पंगतीतसुद्धा हे विचारून झालंय. विचारताना आवाज जरा खाली येतो.

आधी कबूल करतो, न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचं ‘फिफ्टी-थर्ड अँड थर्ड’ मीही कित्येक वर्षं चावटपणा म्हणूनच ऐकलं. 1976चा पहिला अल्बम, चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. अर्थ कोण बघतंय! मॅनहॅटनमधला फिफ्टी-थर्ड स्ट्रीट आणि थर्ड अव्हेन्यूचा तो कोपरा तेव्हा पुरुष गिऱ्हाइकांची वाट बघणाऱ्या पोरांचा. लिहिलं बास वाजवणाऱ्या डी डीनं. आपण जगलो तेच लिहितो, असं तो सांगायचा. गाण्यातला व्हिएतनामहून परतलेला सैनिक शेवटी गिऱ्हाइकावर ब्लेड चालवतो. एरवी बँडचा गायक जोई गातो, तेवढा तुकडा डी डी स्वतः ओरडतो. सगळे त्या खुनाशी थांबतात. मी थांबतो त्याआधीच्या रडगाण्याशी: बाकीच्यांना नेतात, मला कुणी निवडत नाही.

जानेवारीत दादा आला होता. त्या कोपऱ्यावर आता लिपस्टिक बिल्डिंग आहे, गुळगुळीत, लालसर. मी हौसेनं सगळं सांगितलं आणि बोलून गेलो, ‘आपल्या बाबांसारखंच रे. नाक्यावर.’

1982च्या गिरणी संपानंतर बाबा बिगारीसाठी नाक्यावर उभे राहायचे. मुकादम बोट दाखवून माणसं न्यायचा. पन्नाशीच्या साचेवाल्याला कोण नेणार? दहाच्या सुमाराला घरी परत, डबा भरलेलाच.

‘बाबांना कुणाच्या रांगेत उभं करतोयस?’ दादा म्हणाला.

मी वाद घातला. रांग कसली, उभं राहणं तेच ना? इंग्रजी गाण्यातून बाप शोधणारा मी, आणि नाक्यावर बाबांना बघून गल्ली बदलणाराही मीच. हे मात्र त्याला सांगितलं नाही. दादाचं बरोबर होतं, असं कधी वाटतं. गाणं लावलं की वाटत नाही.

स्टेशनात उतरायला तिथे लांबलचक सरकता जिना आहे. दादा पुढच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ. निम्म्यावर आल्यावर म्हणाला, ‘डबा परत आला की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी भाजी जास्त मिळायची.’