कुर्डुवाडी १:८७ : भिंती उभ्या, कौलं अर्ध्यावर

मंडळी, माझ्या रेल्वे मॉडेलमधल्या क्वार्टर्सच्या चाळीच्या चारही भिंती अखेर उभ्या राहिल्या. पावसाळाभर हेच चाललं होतं.

नव्या मित्रांसाठी थोडक्यात. हे कुर्डुवाडीच्या जुन्या यार्डाचं १:८७ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मापाचं; स्टेशनला बार्शी रोड म्हणत तेव्हाचं. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) मोठी लाइन आधीपासून होतीच. १८९७ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे इथून सुटू लागली, एकमेकांपासून ७६२ मिमी अंतरावरच्या रुळांवर. १९२७ पर्यंत ती एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरज अशी पोचली. दोन गेज (रुळांमधली अंतरं) भेटले की माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचा. हमाल, गुदाम, कारखाना, क्वार्टर्स, सगळं त्यापायी आलं. म्हणून मला इमारतींइतकीच त्यांच्यामधली अंतरं महत्त्वाची वाटतात.

इथेच १:८७ ची अडचण येते. छोट्या गाडीला एन गेजचा (मॉडेलच्या एका छोट्या मापाचा) ९ मिमी ट्रॅक जवळजवळ तंतोतंत बसतो (हिशेबाने ८.७६). पण आपल्या ब्रॉडगेजला १९.३ मिमी हवेत आणि बाजारात मिळतो १६.५ चा. पावणेतीन मिमीने मोठी लाइन अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसते. तेव्हा ते रूळ हातानेच बसवणार, स्लीपर कापून झालेत.

आता भिंती. छापील दगडी कागद लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकला. काळ्या दगडाच्या बांधकामात थर सरळ असतात, पण प्रत्येक दगडाची लांबी वेगळी. कोपऱ्याचे दगड घडीव, मधल्यांचा चेहरा खडबडीत. कागदावर तेच हरवतं. मग सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) पुट्टीचा पातळ थर दिला आणि ती ओलसर असतानाच सुईने रेघा ओढल्या. नऊ इंची थर म्हणजे २.६ मिमी. रंगात काळा जवळजवळ नाहीच. राखाडीत निळ्याची झाक, वर कोरड्या ब्रशने फिकट हात, दरजांत चुन्याचा मळकट पांढरा. नुसता काळा दिला की कोळशाचा ढीग दिसतो. संध्याकाळी खिडकीशी धरून पाहिलं तेव्हा थर उठून दिसले. फार बरं वाटलं.

मंगलोरी कौलांच्या एका उतारावर १४ ओळी, त्यातल्या ७ झाल्या. जाड कागदाच्या पट्ट्या बोथट सुईने दाबून पन्हळ उठवतोय.

रविवारी आढं बसवतो, मग मालाची शेड.