हसत बोलते

माझ्याच अक्षरातल्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून तिने कागद टेबलावर ठेवला. "रुग्ण हसत बोलते. हालचाल सहज. ताकद पाचपैकी पाच." आठ महिन्यांपूर्वी मीच लिहिलं होतं. हलकं काम मिळावं म्हणून तिने ऑफिसात फाईल दिली, आणि नकार देताना त्यांनी नेमकी हीच ओळ पुढे केली.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी १४ वर्षं फिजिओथेरपी करते. ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येतात. त्यात तपासणी, व्यायाम शिकवणं आणि नोंद. ती नोंद आपल्याच लोकांपुरती असते असं मी धरून चालले होते.

त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं, याचाच मला जास्त त्रास होतो. गोनिओमीटर लावून खांद्याचा कोन मोजला, पूर्ण भरला. हाताने विरोध देऊन ताकद पाहिली, पूर्ण होती. पण सगळं एकेकदाच, सकाळी दहा वाजता. त्या तपासणीनंतर दुसरा अख्खा दिवस ती अंथरुणावर होती हे मला आत्ता कळलं. मी विचारलंच नव्हतं.

निदान तेव्हाच झालेलं होतं: फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार. यात सांधे सुजत नाहीत; ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, एक्स-रे सगळं ठीक येतं. मज्जासंस्थाच वेदनेचे संदेश वाढवून घेते, आणि ते नेहमीच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका," असं आमचे डॉक्टर धीर द्यायला म्हणतात. रुग्णाच्या घरी ते "काही झालेलं नाही" म्हणून पोचतं. एक ज्येष्ठ सहकारी तर तिच्या माघारी "मनाचे खेळ" म्हणाले होते. मी तिथेच बसले होते. काही बोलले नाही.

कॉलेजात आम्ही या आजाराच्या निदानाचे १९९०चे निकष शिकलो. ठरलेल्या १८ जागा अंगठ्याने दाबायच्या, साधारण चार किलोचा दाब, म्हणजे आपल्याच नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत. अंगभर दुखणं तीन महिने तरी असेल आणि ११ जागा दुखल्या की निदान. माझा अंगठा त्यात चांगला तयार झाला होता आणि मला त्याचा अभिमान होता. २०१०च्या निकषांनी दाबणं काढून टाकलं. शरीराचे १९ भाग दुखतात का, ते एकेक करून विचारायचं. शिवाय थकवा, झोपून उठल्यावरही न गेलेला शीण आणि डोक्यातला गोंधळ, प्रत्येकाला ० ते ३ गुण. म्हणजे अंगठ्याचं काम कानावर आलं.

त्या दिवशी पुढच्या रुग्णाला थांबायला सांगून मी ते नीट केलं. १९पैकी १४ भाग. शॉवरचं पाणी पाठीवर टोचतं. नऊ तास झोपून उठली तरी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग असतं. मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, मग ती बोलायचंच टाळते. ट्यूबलाइटचा उजेडही नकोसा होतो. आणि चांगला दिवस उगवला की साठलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकते, मग तीन दिवस उठवत नाही. लोक तिला त्या चांगल्या दिवशीच बघतात. मीही तेव्हाच बघितलं होतं.

"मग हसत का होतात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"रडले की मानसिक म्हणतात. म्हणून हसते. हसले तर तुम्ही ते लिहून ठेवलंत."

मी तेव्हा तिला बारा-बारा वेळा करायचे व्यायाम दिले होते, तीन फेऱ्या. दोनदा येऊन ती यायची थांबली. २०१७च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, व्यायामाची. तोच मी चुकीच्या मात्रेत दिला. आता पाच मिनिटं चालणं, तेही सपाटीवर, आणि चांगल्या दिवशीसुद्धा पाचच. दोन आठवडे तेवढंच. वाढवायचं ते दुसऱ्या दिवसाची तब्येत पाहून.

जुनी नोंद खोडता येत नाही, खोडूही नये. खाली तारीख घालून नवी लिहिली: तपासणीतली हालचाल एका वेळची आहे, श्रमाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो, हसण्यावरून वेदनेचा अंदाज बांधू नये. ऑफिसच्या फॉर्मवर "कामास योग्य" आणि "अयोग्य" असे दोनच चौकोन होते. तिला योग्य ठरवलं तर हलकं काम नाही, अयोग्य ठरवलं तर नोकरीच धोक्यात. दोन्ही कोरे ठेवून मी पाठीमागे दीड पान लिहिलं: दर तासाला उठायची मुभा, सलग उभं राहायचं काम नको, कामाच्या वेळा थोड्या मागेपुढे.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "काल पाच मिनिटं चालले होते. आज दुखणं दहापैकी सहा आहे. परवा आठ होतं." मी आकडा लिहून घेतला. ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही.